अर्ध्या बाटलीचा खळखळाट

पहाटेच्या अंधारात धावताना मागून कुणीतरी येतंय असं वाटलं, म्हणून मी वेग वाढवला. मागच्यानेही वाढवला. मी थांबले, तोही थांबला. चार पावलं चालून पाहिलं. तोही चालला, पण जरा आळसावून. मग हात कमरेवर गेला आणि उलगडा झाला. माझा पाठलाग करणारा माझ्याच पट्ट्यात होता, दोनशे मिलिलिटरच्या बाटलीत, निम्मा.

उथळ पाण्याला खळखळाट फार, ही म्हण शाळेत आम्हाला माणसांबद्दलची म्हणून शिकवली. बाटलीच्या बाबतीत ती अक्षरशः खरी आहे. गच्च भरलेली बाटली गप्प असते, कारण पाण्याला हलायला जागा नसते. रिकामी गप्प असते, कारण आत बोलायला कुणी नसतं. बडबड करते ती अर्धी. दुकानात बाटली रिकामी असते, घरून निघताना भरलेली असते, आणि पहिल्या घोटापासून शेवटच्या घोटापर्यंतचा सगळा संसार मात्र अर्धीशी करायचा असतो. एवढी साधी गोष्ट कळायला मला धावताना पाणी नेण्याचे तीन पट्टे घ्यावे लागले.

पहिला पट्टा मी खिसे मोजून घेतला. चाळिशी उलटल्यावर धावायला लागलेल्या माणसाला सामानाची हौस फार असते. पायांत जोर नसतो, तो सामानात शोधला जातो. चार छोट्या बाटल्या, दोन पुढे, दोन मागे; मधे मोबाईलसाठी चेनचा कप्पा; कप्प्याच्या आत किल्लीचा आकडा; आणि एका बाजूला इलॅस्टिकचा फास, ज्यात काय अडकवायचं असतं हे मला आजही माहीत नाही. पहिल्या दिवशी सगळं बांधून आरशासमोर उभी राहिले तर लेक म्हणाली, “आई, धावायला चाललीयेस की लढाईला?”

लढाईच होती ती. आठशे मिलिलिटर पाणी म्हणजे आठशे ग्रॅम. वर बाटल्यांचं, पट्ट्याचं आणि मोबाईलचं वजन. कमरेला सव्वा किलोच्या आसपास काहीतरी लटकत होतं. घराच्या फाटकापर्यंत ते नीट बसलेलं होतं. पहिल्या किलोमीटरला नितंबांवरून सुटलं, दुसऱ्याला बेंबीवर आलं, आणि तिसऱ्या किलोमीटरला बरगड्यांच्या खाली बसून माझा श्वास मोजू लागलं. खाली ओढावं, चार पावलं धावावं, पुन्हा वर. बाटल्याही एकसारख्या रिकाम्या होत नाहीत. उजवा हात सवयीने उजवीकडचीच बाटली काढतो, त्यामुळे अर्ध्या वाटेवर डावी बाजू जड आणि उजवी हलकी, आणि सगळा पट्टा गोल फिरून मोबाईल पाठीमागे.

मला वाटलं, माझंच शरीर बेढब. मग शिंप्यासारखा टेप घेऊन कंबर मोजली आणि कारण सापडलं. पट्टा धावताना नेहमी स्वतःहून सर्वांत अरुंद जागा शोधत जातो. ज्यांची कंबर नितंबांपेक्षा बारीक असते त्यांचा पट्टा वर सरकतो. ज्यांचं पोट पुढे आलेलं असतं त्यांचा खाली घसरतो. दोघांनाही वाटतं की पट्टा खराब आहे. खरं म्हणजे तो जिथे बांधायला हवा तिथे आपण बांधतच नाही. कमरेच्या हाडाची वरची कड हाताला लागते ना, तिच्या जरा खाली तो बसला पाहिजे, आणि माप घ्यायचं ते तिथलं. पँटचा नंबर इथे काही कामाचा नाही. पँटच्या नंबरात तर बहुतेक माणसं स्वतःशी थोडं खोटंही बोलत असतात.

वर सरकणाऱ्या पट्ट्यावर माझा पहिला इलाज अडाणी होता: आवळणे. आवळला, आणखी आवळला. आठवड्याभरात उजव्या मांडीच्या बाहेरच्या बाजूला मुंग्या यायला लागल्या. मग ती जागा बधिर झाली, म्हणजे वरून हात फिरवला तर कापडावरून फिरवल्यासारखा. मी घाबरले. डॉक्टरांनी आधी पट्टा दाखवायला सांगितला आणि हसले. मांडीच्या बाहेरच्या त्वचेची जाणीव नेणारी एक नस कमरेच्या हाडाच्या पुढच्या टोकाजवळून खाली उतरते. तिथे काही घट्ट बांधलं की ती दबते. या दुखण्याला मेराल्जिया पॅरेस्थेटिका असं भारदस्त नाव आहे, आणि ते एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून वैद्यकात आहे, म्हणजे माणसं बराच काळ कमरेला नको इतकं आवळत आली आहेत. ती नस फक्त जाणिवेची, स्नायू हलवणारी नाही, म्हणून पायातली ताकद जात नाही. पट्टा सैल केला, तीन आठवड्यांत मांडी पुन्हा माझी झाली. पण कंबर कसणे या वाक्प्रचाराकडे मी तेव्हापासून जरा संशयाने पाहते.

आवळून प्रश्न सुटत नाही, कारण दोष सैलपणाचा नसतोच. नीट पाहिलं तर हे सगळं झोपाळ्याचं गणित आहे. धावताना धड दर पावलाला सहा ते दहा सेंटिमीटर वरखाली होतं. मिनिटाला साधारण एकशे साठ ते एकशे ऐंशी पावलं, म्हणजे तासाभरात दहा हजारांच्या आसपास हिसके. दर हिसक्याला पाणी वर फेकलं जातं आणि पट्ट्याला ते खाली येताना झेलावं लागतं. त्यातून पट्टा इलॅस्टिकचा असेल तर तो स्प्रिंग, आणि त्याला लटकलेलं पाणी म्हणजे स्प्रिंगला टांगलेलं वजन. प्रत्येक स्प्रिंगची स्वतःची एक लय असते. वजन वाढवलं की ती लय संथ होते, स्प्रिंग ताठ केली की जलद. ताणणाऱ्या पट्ट्यावर जड बाटली टांगली की ही लय उतरत उतरत नेमकी तुमच्या पावलांच्या लयीजवळ येऊन पोहोचते. मग झोपाळ्याला बरोबर वेळेवर धक्का मिळावा तसं होतं. धक्का लहान, झोका मोठा.

म्हणून अरुंद इलॅस्टिक आणि त्याला एकाच जागी टांगलेली जड बाटली, हे माझ्या मते सर्वांत वाईट लग्न. दिसायला सुटसुटीत असतं म्हणून लोक तेच घेतात. त्यापेक्षा न ताणणारी जाड पट्टी आणि बकल बरं. किंवा मग हाताच्या पंजाइतका रुंद, सगळीकडून अंगाला चिकटणारा ताणता पट्टा, ज्यात वजन एका ठिकाणी न लटकता गोल पसरतं. नायलॉनची पट्टी घामाने ओली झाली की बकलमधून हळूहळू निसटते, हेही लक्षात ठेवायचं. घरी कोरडी बांधून पाहिलेली घट्ट पट्टी पाचव्या किलोमीटरला तेवढी घट्ट नसते.

कुणी विचारेल, कमरेलाच कशाला? हातात धरावी बाटली. मी धरूनही पाहिली. पहिली दहा मिनिटं छान जातात, मग मूठ आवळली जाते, मुठीमागे कोपर, कोपरामागे खांदा, आणि शेवटी मान. शिवाय धावताना हात लोलकासारखे हलतात, आणि लोलकाच्या टोकाला वजन बांधणं महाग पडतं. पायांच्या बाबतीत हे प्रयोगांतून दिसलेलं आहे: तेवढंच वजन कमरेला बांधून पळवलं आणि घोट्याला बांधून पळवलं, तर घोट्याच्या वजनाला कितीतरी जास्त ऊर्जा लागते. जे अंग पुढेमागे झुलतं त्याच्या टोकावरचं वजन दर पावलाला पुन्हा उचलून पुन्हा थांबवावं लागतं. शरीराचा गुरुत्वमध्य ओटीपोटात, बेंबीच्या जरा खाली. त्याच्याजवळ ठेवलेलं वजन सर्वांत कमी त्रास देतं. पाठीवर सॅक घेतली तर पाणी जास्त मावतं, पण पाठ झाकली जाते, आणि घाम वाळायला अंगावर जी सर्वांत मोठी मोकळी जागा आहे ती बंद होते. कंबर म्हणजे तडजोड. आणि तडजोडीला मर्यादा असते. माझ्या अनुभवात लिटरभराच्या पुढे पट्टा कुरकुरायला लागतो, दीडच्या पुढे भांडायला. त्याहून जास्त पाणी लागणार असेल तर पट्टा निवडण्यात वेळ घालवू नये, सरळ सॅक किंवा खांद्यावरून घालायची, बाटल्यांच्या खिशांची व्हेस्ट घ्यावी.

कमरेला वस्तू बांधण्याची ही अक्कल नवी नाही. १९९१ साली आल्प्समध्ये बर्फात एका माणसाचं शव सापडलं, सुमारे ५,३०० वर्षांपूर्वीचं. त्याला आता ओट्झी म्हणतात. त्याच्या कमरेला वासराच्या कातड्याचा पट्टा होता, आणि त्या पट्ट्यावर शिवलेली एक छोटी पिशवी. आत गारगोटीची हत्यारं, हाडाचा टोच्या आणि विस्तव पेटवायला लागणारी वाळलेली अळंबी. म्हणजे जे सारखं आणि चटकन लागतं, ते. मला त्या माणसाची निवड फार पटते. कमरेला तेच असावं जे न थांबता हाताला लागेल. ज्या पट्ट्यातली बाटली काढायला थांबावं लागतं, वळावं लागतं, दुसऱ्याला “जरा काढून दे ना” म्हणावं लागतं, तो पट्टा नुसताच भार.

धावणाऱ्यांच्या पट्ट्याची गोष्टही डोंगरातलीच आहे. ब्राइस थॅचर नावाच्या अमेरिकन धावपटूने १९८३मध्ये ग्रँड टेटन हे सुमारे ४,२०० मीटर उंचीचं शिखर तीन तास सहा मिनिटांत चढून-उतरून दाखवलं. तो विक्रम २०१२पर्यंत टिकला. त्याच थॅचरने १९८५मध्ये अल्टिमेट डायरेक्शन ही कंपनी काढली, कमरेला बाटली बांधण्याच्या पट्ट्यांसाठी. पळणाऱ्या माणसाने स्वतःसाठी शोधलेली वस्तू आणि दुकानात मांडायला बनवलेली वस्तू यांत फरक असतो. तो बाटलीच्या तिरकेपणात दिसतो. उभी बाटली काढताना कोपर बरंच वर न्यावं लागतं. तिरकी ठेवलेली बाटली तलवार म्यानातून यावी तशी हाताबरोबर येते. आणि तिरकी कुठल्या बाजूला, हेही पाहावं. माझ्या डावखुऱ्या मैत्रिणीने उजव्या हातासाठी तिरकी असलेली बाटली महिनाभर वापरली आणि मग मला म्हणाली, “अगं, मला वाटत होतं माझंच कोपर उलटं आहे.”

पट्ट्याबद्दल मी एवढं बोलू शकते, पण मूळ प्रश्न पट्ट्याचा नव्हता, हे मला मैदानावरच्या एका काकांनी दाखवलं. सत्तरी ओलांडलेले, एका लयीत धावणारे, पाठीच्या खोबणीत एकच बाटली तिरकी खोचलेली. मी चार बाटल्यांच्या फौजेसह त्यांच्या शेजारून खळखळत गेले, तेव्हा त्यांनी विचारलं, “अहो ताई, तासाभरात तुम्हाला प्यायला किती लागतं?”

“तसं मोजलं नाही कधी.”

“मग या चार बाटल्या कुणासाठी?”

मला जरा राग आला. उत्तर नव्हतं म्हणून आला. घरी येऊन वजनकाटा काढला.

घाम मोजण्याची ही रीत इतकी सोपी आहे की मला आधी कुणी कशी सांगितली नाही याचं आश्चर्य वाटतं. निघण्यापूर्वी, लघवीला जाऊन आल्यावर, कपड्यांशिवाय वजन करायचं. तासभर धावायचं. परत आल्यावर अंग कोरडं करून पुन्हा वजन. जेवढे ग्रॅम घटले त्यात वाटेत प्यालेलं पाणी मिळवायचं. एक किलो म्हणजे एक लिटर, म्हणजे हिशेब तोंडी. माझं निघताना ६१.४, परतल्यावर ६०.८. वाटेत दोनशे मिलिलिटर प्याले होते. म्हणजे घाम आठशे मिलिलिटर. उन्हाच्या दिवशी पुन्हा मोजलं तेव्हा तो सव्वा लिटरच्या वर गेला. माणसागणिक हा आकडा फार बदलतो, तासाला अर्ध्या लिटरपासून दोन लिटरपर्यंत. दुसऱ्याच्या तहानेवरून आपला पट्टा घेता येत नाही तो म्हणूनच.

पण खरी गंमत पुढे आहे. गेलेला सगळा घाम वाटेतच भरून काढायचा नसतो. वजनाच्या दोन टक्क्यांपर्यंतची घट बहुतेक निरोगी माणसांना चालते, त्याहून जास्त होऊ देऊ नये असा साधारण सल्ला असतो. माझे दोन टक्के म्हणजे बाराशे ग्रॅम. म्हणजे थंड पहाटे तासभर धावायला मला घोटभर पाणीही पुरलं असतं, आणि मी आठशे मिलिलिटर वाहत होते. ते पाणी तहानेसाठी नव्हतं. धास्तीसाठी होतं. मधेच पाणी संपलं तर? चक्कर आली तर? या दोन प्रश्नांना मी चार बाटल्या बांधल्या होत्या.

ही धास्ती एकटीची नाही, तिला मोठा इतिहास आहे, आणि तो दोन्ही टोकांना झुकलेला आहे. १९०४च्या सेंट लुइस ऑलिंपिकमध्ये भर उन्हात, धुळीच्या रस्त्यांवरून मॅरेथॉन झाली आणि वाटेत पाणी जवळजवळ ठेवलंच नव्हतं, कारण पाण्यावाचून शरीराचं काय होतं हे संयोजकांना पाहायचं होतं. ३२ जण सुटले, १४ जण पोहोचले. पुढे काटा उलट्या टोकाला गेला. तहान लागण्यापूर्वीच प्या, जितकं पिता येईल तितकं प्या, असं धावणाऱ्यांना सांगण्यात येऊ लागलं. २००२च्या बॉस्टन मॅरेथॉनमध्ये शर्यत संपवलेल्या ४८८ धावपटूंचं रक्त तपासलं, त्याचे निष्कर्ष २००५मध्ये प्रसिद्ध झाले: १३ टक्के लोकांच्या रक्तात सोडियम धोक्याच्या बाजूला उतरलेलं होतं. आणि ज्यांचं वजन शर्यतीत कमी व्हायच्या ऐवजी वाढलं होतं त्यांच्यात हे प्रमाण ठळक होतं. धावताना वजन वाढणं! म्हणजे गेलं त्यापेक्षा जास्त पोटात गेलं, आणि रक्त पातळ झालं. पाण्यानेही माणूस आजारी पडतो हे मला तोवर ऐकूनही खरं वाटलं नसतं. आता बहुतेक जाणकार सांगतात ते इतकं साधं आहे की सांगायला लाज वाटावी: तहान लागली की प्या.

म्हणून पट्टा निवडताना आता मी आधी तीन गोष्टी स्वतःला विचारते: किती वेळ, किती ऊन, आणि वाटेत पाणी भरायला मिळणार का. पट्टा नंतर. उलट क्रमाने गेलं की माणूस पट्ट्यात मावतं तेवढं पाणी भरतो, कारण रिकामी जागा आपल्याला पाहवत नाही.

दुसरा पट्टा डोंगरासाठी घेतला. तो पट्टा कसला, कमरेवरची छोटी सॅकच. मागे पाच लिटरचा कप्पा, दोन्ही बाजूंना सहाशे मिलिलिटरच्या बाटल्या, पावसाळी जाकीट, खाऊ, प्रथमोपचार, सगळं मावतं. चढताना तो मला फार आवडला. पाठ मोकळी, वारा लागतो, वाकून हात टेकत चढावं लागलं तरी वजन डोक्यावर येत नाही. उतरताना प्रेम ओसरलं. उतारावर पाऊल जोरात पडतं, आणि मागे लोंबणारं वजन दर पावलाला कमरेच्या खाली थाप मारतं. कुणीतरी पाठीशी राहून सारखं “चल, चल” म्हणत असल्यासारखं. मागचं वजन खाली ओढतं तसा पुढचा पट्टा वर चढतो आणि पोटात रुततो. यावर उपाय म्हणजे जड वस्तू अंगाला चिकटून आणि हलक्या बाहेर. बाजूच्या आवळपट्ट्या असतील तर सामान भरल्यावर त्या ओढायच्याच. नुसती शोभा म्हणून त्या दिलेल्या नसतात. आणि खडकावर टेकून बसायचं असेल तर आधी पट्टा पोटाकडे फिरवायचा. मी हे एकदा विसरले, आणि बाटलीच्या बुचाचा ठसा माकडहाडापाशी चार दिवस मिरवला.

खळखळाटावरचं उत्तर मात्र तिसऱ्या पट्ट्यात मिळालं. १९८०च्या दशकाच्या शेवटी टेक्सासमध्ये उन्हाळ्यातल्या शंभर मैलांच्या सायकल शर्यतीआधी मायकल आयड्सन नावाच्या माणसाने, जो रुग्णवाहिकेवर काम करायचा, सलाइनची पिशवी पाण्याने भरली, लांब मोज्यात घातली आणि शर्टाच्या पाठीला अडकवली. त्यातून पुढे कॅमलबॅक, म्हणजे नळीने पाणी प्यायची पाठीवरची पिशवी, निघाली. त्या पिशवीची खुबी नळीत आहे असं सगळ्यांना वाटतं. मला वाटतं ती मऊपणात आहे. सलाइनची पिशवी रिकामी होत जाते तशी मिटत जाते. आत हवा येत नाही, म्हणून पाण्याला उड्या मारायला अंगणच मिळत नाही. सॉफ्ट फ्लास्क म्हणतात त्या मऊ बाटल्यांचं तत्त्व हेच. भरताना शेवटी तळाशी दाबून हवा काढून टाकायची, मग बूच लावायचं. निम्मी झाली तरी ती निम्म्या आकाराची भरलेली बाटलीच असते. म्हणीतला खळखळाट उथळपणामुळे होतो असं आपण समजतो. तो वरच्या हवेमुळे होतो.

हा तिसरा पट्टा म्हणजे बकल नाही, चेन नाही, पायांतून वर चढवायची रुंद ताणती पट्टी. तिला चार फटी आणि पाठीमागच्या फटीत अर्ध्या लिटरचा फ्लास्क आडवा. अंगावर आहे हे कळत नाही. निदान पहिल्यांदा पाणी पिईपर्यंत. फ्लास्क काढणं सोपं, पण अर्धवट झालेला फ्लास्क ढिल्या उशीसारखा होतो आणि धावता धावता तो फटीत परत सरकवणं म्हणजे चालत्या गाडीत सुईत दोरा ओवणं. मी दोन युक्त्या शिकले. एक, कडक मानेचा फ्लास्क घेणे आणि मानेकडून आत घालणे. दुसरी जास्त प्रामाणिक आहे: त्या वेळी चार पावलं चालणे. चार पावलं चालल्याने कुणाचं काही बिघडत नाही. शिवाय या पट्ट्याला कमीजास्त करायची सोय नाही, म्हणून माप चुकलं की चुकलं. दोन मापांत अडकलात तर लहान घ्या, कारण धुऊन धुऊन तो सैलच होणार आहे.

घेण्यापूर्वीची एकच परीक्षा मी मानते, आणि ती करायला थोडा निगरगट्टपणा लागतो. बाटली अर्धी भरायची, मोबाईल आत घालायचा, आणि दुकानातच वीस उड्या मारायच्या. मग न बघता बाटली काढायची आणि न बघता परत ठेवायची. माझ्याकडे दुकानातला मुलगा ज्या नजरेने पाहत होता ती मी विसरणार नाही, पण दोन पट्टे मी तिथेच परत ठेवले. आरशासमोर उभं राहून बाटल्यांचे रंग पाहण्यात मी एकदा फसलेच होते.

बाकीचं बारीकसारीक आहे. बूच गळतं का ते बाटली उलटी धरून, दाबून पाहावं. गळणारं बूच नेमकी अशी जागा भिजवतं की रस्त्याने येणारी-जाणारी माणसं सहानुभूतीने पाहतात. मोबाईल थंड पाण्याच्या बाटलीला चिकटून ठेवू नये, प्लास्टिकच्या पिशवीत तर ठेवावाच. पट्ट्याची शिवण टी-शर्टच्या वर असेल तर कातडी सोलत नाही, आत असेल तर व्हॅसलिन. घाम वाळून पट्टा खारट आणि कडक होतो, म्हणून आल्या आल्या साध्या पाण्यात पिळून टाकावा. फ्लास्क धुऊन उघडा, उलटा वाळवावा. एकदा मी तो ओला तसाच बूच लावून ठेवला होता. पंधरा दिवसांनी उघडला तेव्हा आत एक वेगळीच जीवसृष्टी नांदत होती.

चार बाटल्यांचा पहिला पट्टा फेकवला नाही. तो कपाटात होता, आणि यंदा लेकीने धावायला सुरुवात केली तेव्हा तिने न विचारता काढून घेतला. मी म्हटलं, “अगं, तो नको घेऊ, वर सरकतो.” म्हणाली, “तुला सरकत असेल.” तिने मागच्या दोन बाटल्या काढून टाकल्या, पुढच्या दोन बाजूंना सरकवल्या, एक उजवीकडे, एक डावीकडे, आणि दोन्ही आलटून पालटून पिते. इतकी वर्षं हे मला सुचलं नव्हतं.

काल पहाटे आम्ही दोघी बरोबर निघालो. अंधार होता. वळणाच्या जरा अलीकडे मागून खळखळ ऐकू आली आणि जुन्या सवयीने माझा हात कमरेवर गेला. फ्लास्क गप्प होता. खळखळ जवळ आली, शेजारून गेली, “ये ना, आई” म्हणाली, आणि वळणापलीकडे गेली. मी दोन घोट प्याले आणि फ्लास्क परत ठेवायला चार पावलं चालले.